गाद्या-सोफ्यांची सफाई : साधन निवडण्यापूर्वी

चतुर्थीला पंधरवडा उरला की तुये गावातील घराघरांत आवराआवर सुरू होते. माटोळी बांधायची जागा मोकळी केली जाते, भांडी माळ्यावरून खाली येतात आणि बैठकीच्या खोलीतील सोफा, दिवाण, खुर्च्या पडवीत आणून ठेवल्या जातात. वर्षभराची धूळ, लहान मुलांनी सांडलेले हुमण, मे महिन्यात कपड्यांवरून गादीवर उतरलेले बोंडूंचे डाग असे सगळे तेव्हाच नजरेस पडते. पाहुणे येण्यापूर्वी हे स्वच्छ व्हावे ही इच्छा रास्तच आहे. पण चतुर्थी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते. भिजलेली जाड वस्तू वाळण्यास गोव्यात याहून प्रतिकूल दिवस क्वचितच सापडतील.

प्रस्तुत लेखकाच्या घरी हा धडा खर्चिक ठरला. ऐन पावसाळ्यात भाड्याच्या यंत्राने सोफा धुऊन घेतला. दोन दिवस तो नव्यासारखा दिसला. पाचव्या दिवशी कुबट वास येऊ लागला आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री गादीच्या शिवणीवर काळे ठिपके उमटले. आतला फोम शेवटी टाकून द्यावा लागला. यंत्रात दोष नव्हता. ते यंत्र त्या महिन्यात आणि त्या सोफ्यासाठी वापरणे ही चूक होती.

म्हणून साधन निवडताना यंत्राची शक्ती हा पहिला प्रश्न नव्हे. कापड कोणते, आत काय भरले आहे आणि ओले झाल्यास ते किती वेळात वाळेल, हे आधी पाहावे. ओली झालेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळली नाही तर तिच्यात बुरशी धरण्याचा संभव असतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. त्या काळात हवाच ओलसर असल्याने चार इंच जाडीचा फोम दोन दिवसांत आतपर्यंत वाळणे कठीण. वरचे कापड हाताला कोरडे लागते तेव्हाही आत ओल असू शकते.

विकत घेतलेल्या सोफ्याला पुष्कळदा गादीच्या खालच्या बाजूस एक लहानशी पट्टी शिवलेली असते. तिच्यावरील ‘डब्ल्यू’ म्हणजे पाण्यावर आधारित साधन चालेल, ‘एस’ म्हणजे पाणी नको, केवळ द्रावक, ‘डब्ल्यूएस’ म्हणजे दोन्ही चालतील आणि ‘एक्स’ म्हणजे फक्त कोरडी सफाई. गावातील कारागिराकडून बनवून घेतलेल्या सोफ्यावर अशी खूण नसते. तेथे पांढरे सुती फडके ओले करून मागच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर दाबून पाहावे. फडक्याला रंग लागला, किंवा वाळल्यावर कापडावर कडा उमटली, तर पाण्याच्या यंत्राचा विचार सोडावा. गादीच्या खोळीला चेन आहे म्हणून ती काढून धुता येते, असाही सर्रास समज आहे. अनेकदा ती चेन केवळ आतला फोम भरण्यासाठी असते आणि धुतलेली खोळ आटून परत चढत नाही.

सर्व साधनांत पहिला मान व्हॅक्यूम क्लीनरचा. त्याच्या जन्मकथेतच खुर्चीची गादी आहे. १९०१ साली लंडनमधील अभियंता ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी वारा फुंकून धूळ उडवणारे यंत्र पाहिले. फुंकण्याऐवजी धूळ ओढून का घेऊ नये, असा विचार करून त्यांनी एका उपाहारगृहातील खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला आणि तोंडाने जोरात श्वास ओढला. ठसका लागला, पण रुमालावर धूळ जमली. आपल्याकडे १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांनी हे यंत्र दारोदार नेऊन मध्यमवर्गीय घरांत रुजवले.

पेडणे व डिचोली भागात कोरड्या ओढणीला वेगळे महत्त्व आहे. आपली जांभ्याची लाल माती लोहयुक्त आणि बारीक. ती कोरडी असताना सहज निघते, मात्र तिच्यावर ओले फडके फिरवले की चिखल होऊन धाग्यात मुरते आणि तांबूस छटा कायमची राहते. त्यामुळे पुढे पाणी वापरायचे असो वा नसो, आधी व्हॅक्यूम फिरवावाच. खरेदी करताना खोक्यावरील वॅटच्या आकड्याला भुलू नये. तो यंत्र किती वीज खाते ते सांगतो, किती धूळ ओढते ते नव्हे. सोफ्यासाठी रुंद, सपाट तोंड, बैठक आणि पाठ यांच्या फटीत शिरणारे अरुंद तोंड आणि मऊ केसांचा ब्रश ही तीन जोडसाधने हवीत. घरात दमा किंवा सततच्या शिंका असतील तर ‘हेपा’ गाळणी असलेले यंत्र घ्यावे. ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. साध्या कापडी पिशवीचे यंत्र बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडते.

पाणी फवारून लगेच ओढून घेणारे यंत्र सध्या सर्वांत लोकप्रिय आहे. टाकीत जमा होणारे काळे पाणी पाहून समाधानही मोठे वाटते. सांडलेले दूध किंवा लहान मुलाने ओली केलेली गादी यांवर ते उत्तम. मात्र फवारणीचा एक हात फिरवला तर कोरड्या ओढणीचे तीन-चार हात फिरवावेत आणि शॅम्पू सांगितलेल्या प्रमाणाहून कमीच घालावा. उरलेला शॅम्पू चिकट राहतो आणि सोफा पूर्वीपेक्षा लवकर मळतो. डिसेंबर ते मे हा या यंत्राचा हंगाम. चतुर्थीपूर्वी फक्त डागापुरते वापरावे आणि त्या जागेवर दिवसभर पंखा सोडावा.

वाफेच्या यंत्राविषयी जाहिरातींत बरेच काही सांगितले जाते. त्यातले एक खरे आहे. धुळीतील सूक्ष्म कीटक ६० अंश सेल्सियसच्या आसपास मरतात आणि यंत्राच्या तोंडाशी वाफ त्याहून बरीच गरम असते. मात्र मेलेले कीटक आणि त्यांची विष्ठा गादीतच राहते, आणि श्वासाचा त्रास होतो तो त्यांनीच. वाफेनंतर गादी वाळवून व्हॅक्यूम फिरवला नाही तर निम्मे काम झाले. मखमल, रेशीम, चामडे, रेक्झिन आणि जुने पॉलिश केलेले लाकूड यांच्याजवळ वाफ नेऊच नये.

रेक्झिनसाठी यंत्र लागत नाही. सौम्य साबणाचे पाणी, पिळून घेतलेले फडके आणि त्यामागोमाग कोरडे फडके पुरते. काही वर्षांत कृत्रिम चामड्याचे पापुद्रे सुटू लागतात, तेव्हा दोष सफाई करणाऱ्याला दिला जातो. वस्तुतः पॉलियुरेथेनचा थर दमट हवेने स्वतःच विघटित होतो. त्यावर कोणतेही साधन नाही, आवरण बदलणे हाच उपाय.

हळदीचा डाग हे आपल्या घरांतले नित्याचे दुखणे. साबण लावताच तो लाल होतो आणि गृहिणी घाबरून अधिक घासते. हळदीतील रंगद्रव्य अल्कधर्मी साबणाने लाल होते, पण उन्हात ते विरघळून जावे तसे फिके पडते. येथे साधन म्हणजे ऊनच. गादी उचलता येत असेल तर डाग सौम्यपणे पुसून दोन-तीन दिवस उन्हाकडे तोंड करून ठेवावी. बोंडूच्या रसाला मात्र ऊनही दाद देत नाही. तो ओला असतानाच टिपावा.

बुरशी दिसली तर ब्रश घरात चालवू नये, कारण तिचे बीजाणू हवेत उडून दुसऱ्या गादीवर बसतात. वस्तू बाहेर न्यावी, तोंडाला फडके बांधावे. ठिपके कापडावरच असतील तर ते निघतील. फोमच्या आत पोचले असतील तर फोम बदलावा.

जुन्या घरांतील वेताच्या खुर्च्यांना रंगाऱ्याचा मऊ ब्रश आणि ओलसर फडके पुरेसे आहे. बैठक सैल पडली असेल तर खालच्या बाजूने कोमट पाणी लावून सावलीत वाळवावी, विणलेला वेत पुन्हा ताठ होतो.

पाण्याचे कोणतेही यंत्र अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवरच चालवावे. ‘एस’ खुणेच्या कापडाला लावलेला द्रावक पूर्ण उडून जाईपर्यंत व्हॅक्यूम फिरवू नये. मोटारीतील ठिणगीने त्याची वाफ पेट घेऊ शकते. काम संपल्यावर दोन्ही टाक्या आणि नळी धुऊन, उघड्या ठेवून वाळवाव्यात. ओल्या टाकीचे झाकण लावून ठेवलेले यंत्र पुढच्या वेळी तोच कुबट वास सोफ्यावर फवारते.