दाराचे भाडे : मॉरिशस आणि परके भांडवल

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान असा हा देश. खनिजे नाहीत, तेल नाही, घरची बाजारपेठ नगण्य आणि वर्षातले काही महिने चक्रीवादळाचे भय. अशा बेटावर परक्याने आपला पैसा का गुंतवावा? मॉरिशसच्या स्वातंत्र्योत्तर इतिहासात या प्रश्नाची तीन उत्तरे सापडतात. तिन्हींचा पाया एकच होता : मोठ्या देशांनी लिहिलेल्या नियमांमुळे या बेटाला मिळालेली एखादी सवलतीची वाट.

पहिली वाट साखरेची. फ्रेंचांनी ऊस रुजवला तो गुलामांच्या श्रमावर. ब्रिटिशांच्या काळात गुलामगिरी संपली तेव्हा १८३४पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर साडेचार लाखांहून अधिक माणसे उतरली. बहुतेक बिहारकडची आणि मद्रास इलाख्यातली. पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. तेथे गणेशचतुर्थीला आजही सार्वजनिक सुटी असते, ती अशा मजुरांच्या वंशजांमुळे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या उसाच्या बेटाचे भविष्य कोणालाच आशादायक वाटत नव्हते. मलेरिया आटोक्यात आल्याने मृत्युदर घटला, लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि निर्यातीत साखरेचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर होता. पुढे नोबेल मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्या १९६१च्या अहवालाने वाढती तोंडे आणि अपुरी कामे यांचे चित्र इतके काळे रंगवले, की शांततेने विकास होण्याची शक्यताही त्यांना क्षीण वाटली. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तो वांशिक दंगलींच्या सावटाखाली.

शिवसागर रामगुलाम यांच्या सरकारने दोन गोष्टी केल्या. फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांची मालमत्ता सरकारजमा न करता त्यांच्या साखर-निर्यातीवर कर बसवला. १९७५च्या लोमे करारानुसार युरोपने दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने घेण्याचे मान्य केले. हा भाव बहुतेक वर्षी जागतिक भावापेक्षा बराच चढा असे. त्या नफ्यातला काही भाग कराच्या रूपाने शाळा-दवाखान्यांकडे गेला, काही मळेवाल्यांनी नव्या उद्योगांत घातला.

दुसरी गोष्ट म्हणजे १९७०चा निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा. कुंपण घातलेली वसाहत उभारण्याऐवजी बेटावर कुठेही कारखाना काढा आणि करसवलत घ्या, अशी ही योजना होती. त्या वेळी श्रीमंत देशांनी कापडाच्या आयातीवर देशनिहाय कोटा लावला होता. हाँगकाँगच्या कारखानदारांचे कोटे भरले, तेव्हा त्यांना न वापरलेल्या कोट्याचा देश हवा होता; मॉरिशसचा माल तर युरोपात जकातीविना जाई. १९८०च्या दशकाअखेर या कारखान्यांत ऐंशी हजारांहून अधिक माणसे काम करीत होती आणि बेकारी जवळजवळ मिटली होती. पण यात बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्यांचे किमान वेतन कायद्यानेच पुरुषांपेक्षा कमी ठेवले होते. गुंतवणूकदारांना दाखवायच्या कारणांत ‘स्वस्त मजुरी’ असे लिहिले जाई, त्याचा अर्थ हा होता.

तिसरी वाट थेट मुंबईपर्यंत येते. १९८२मध्ये भारत व मॉरिशस यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झाला. शेअर्सच्या विक्रीतला नफा विक्रेत्याच्या निवासाच्या देशातच करपात्र ठरला आणि मॉरिशसमध्ये तर तसा करच नव्हता. १९९१नंतर भारताचा बाजार खुला झाला, १९९२मध्ये मॉरिशसने परदेशी कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि पोर्ट लुईतल्या एका पत्त्यावरून दलाल स्ट्रीटवर पैसा येऊ लागला. पुढे २०००नंतरच्या दीड दशकात भारतातल्या थेट परकीय गुंतवणुकीपैकी सुमारे एक तृतीयांश कागदोपत्री मॉरिशसमधून आली. हा मार्ग न्यायालयात आव्हानित झाला. २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

वाट दुसऱ्याच्या नियमाने खुली झाली, की त्याच्याच नियमाने बंदही होते. २००५च्या आरंभी कापडाचे कोटे संपले. पाठोपाठ युरोपने साखरेच्या हमीभावात ३६ टक्के कपात ठरवली. २०१६मध्ये भारताने करार बदलला आणि १ एप्रिल २०१७पासून घेतलेल्या शेअर्सवरचा नफा भारतात करपात्र झाला. प्रत्येक वेळी बेटाने नवे काही शोधले : पर्यटन, एबेनची संगणकनगरी, आफ्रिकेकडे जाणाऱ्या भांडवलाची मध्यस्थी.

हे शोधणे जमले ते सवलतींच्या काळात मागे टाकलेल्या शिल्लकीमुळे. १९७०च्या दशकातच माध्यमिक शिक्षण मोफत झाले, वृद्धांना सरसकट निवृत्तिवेतन तर स्वातंत्र्याआधीपासून होते. निवडणुकांनी सरकारे बदलत राहिली आणि अखेरचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाऊ शकते. गुंतवणूकदाराला या स्थैर्याची किंमत कळते, पण त्याचा खर्च तो स्वतः उचलत नाही. तो उसाच्या मळ्यातल्या मजुराने उचलला, कमी वेतनावर शिवणयंत्रापुढे बसलेल्या बाईने उचलला, आणि बुडालेल्या कराच्या रूपाने काही अंशी भारतीय नागरिकानेही. लहान देशात पैसा घालण्याची कारणे सांगणारी पत्रके आजही निघतात. ती वाचताना हा हिशोब शेजारी मांडून ठेवावा, म्हणजे त्यातल्या प्रत्येक सवलतीसमोर कोणाचे नाव लिहायचे, ते कळेल.