दिल्लीचा दरबार आणि एक मुजरा

इंग्रज मुळात व्यापारी. पण दिल्लीला आला की त्यालाही मोगल व्हावेसे वाटे. १८७७, १९०३ आणि १९११ असे तीन दरबार त्याने तेथे भरवले. पहिल्या दोहोंत ज्यांच्या नावाने थाट, ती राणी अन् तो राजा हजरच नव्हते! तिसऱ्याला मात्र पंचम जॉर्ज आणि मेरी राणी जातीने आली.

इंग्लंडचा मुकुट देशाबाहेर न्यायचा नाही, असा तिकडचा दंडक. म्हणून सुमारे ६०,००० पौंड खर्चून, सहा हजारांवर हिरे जडवून नवा मुकुट घडवला. त्याचे पैसे अर्थातच आपल्या तिजोरीतून गेले. तो इतका जड की, राजाचे डोके दुखले. त्याने तशी नोंदही रोजनिशीत केली आहे.

७ डिसेंबरला स्वारी शहरात शिरली. बादशहा म्हणजे हत्ती, अंबारी, चवऱ्या, हा लोकांचा हिशेब. १९०३ साली लॉर्ड कर्झन हत्तीवरूनच मिरवला होता. जॉर्जसाहेब आले घोड्यावरून, लष्करी पोशाखात. पुष्कळांना बादशहा पुढून गेला हे कळलेच नाही!

१२ डिसेंबरच्या दरबारात ही उणीव राहू द्यायची नव्हती. प्रत्येक संस्थानिकाने एकेकट्याने सिंहासनापुढे यावे, लवून मुजरे करावेत आणि पाठ न दाखवता मागे सरावे, असा रिवाज ठरला. आधी निजाम गेले. मग बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आले. १८७७ च्या दरबारात तेरा वर्षांच्या याच राजाला इंग्रजांनी आपल्या दौलतीचा 'खास फर्जंद' असा किताब दिला होता. आता साध्या पांढऱ्या पोशाखातल्या या फर्जंदाने एकदाच मान लववली, पाठ फिरवली आणि ते चालते झाले.

लंडनच्या वर्तमानपत्रांनी गहजब केला. बडोद्यात राजद्रोह्यांना थारा मिळतो, असा सरकारला आधीपासूनच संशय होता. महाराजांना व्हाइसरॉय हार्डिंजकडे खुलाशाचे पत्र पाठवावे लागले: आपण गोंधळलो, निजामांनी काय केले ते नीट दिसले नाही. हेतू होता की खरोखर गोंधळ, हा वाद अजून चालतो. मला तो दुय्यम वाटतो. तोफा, पलटणी, हिरे सारे हाताशी असताना एका मराठी राजाची मान किती वेळा लवली, हे साम्राज्याला मोजत बसावे लागले, ही गोष्ट मला अधिक बोलकी वाटते.

दरबाराची चलचित्रेही घेतली होती, प्रजेला वैभव दिसावे म्हणून. ती विलायतेत दाखवली गेली. आणि प्रेक्षक त्यांत महाराजांची पाठ शोधू लागले.