मशीन सुरू करण्याआधीची दहा मिनिटं : कपडे वेगळे कसे करावेत?

नवी मुंबईत वाशी, नेरूळपासून तळोज्यापर्यंत आता अनेक घरांत वॉशिंग मशीन आहे. तरीही जुम्म्याचा पांढरा कुर्ता गुलाबी होणं, काळ्या बुरख्यावर टॉवेलचा कापूस चिकटणं ही तक्रार घरोघरी ऐकू येते. दोष बहुधा मशीनचा नसतो. आपण सगळे कपडे एकत्र कोंबतो, तिथेच चूक होते.

आधी मळ बघा, मग रंग

बहुतेकजण फक्त रंग पाहतात. आमचं सांगणं असं की, पहिली वाटणी मळाची करावी. ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा तळोजा एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांच्या कपड्यांना ऑइल, ग्रीस, रंग, केमिकल लागलेलं असतं. हे कपडे लहान मुलांच्या कपड्यांसोबत कधीच धुऊ नयेत. कारखान्यातला मळ तान्ह्या बाळाच्या अंगापर्यंत पोहोचू शकतो. त्यांची बादली वेगळी, धुणंही वेगळं. केमिकल सांडलं असेल तर ते कसं धुवायचं हे कंपनीत विचारून घ्यावं.

पेट्रोल, थिनर किंवा रॉकेल लागलेला कपडा मशीनमध्ये टाकूच नये. त्याच्या वाफेने आग लागू शकते. गॅसपासून दूर, मोकळ्या हवेत तो टांगून ठेवावा.

बाळाचे शी-शू लागलेले कपडे आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली स्वच्छ करावेत, मगच मशीनमध्ये घालावेत. म्हणजे त्याच फेरीतल्या नमाजच्या कपड्यांबद्दल मनात शंका राहत नाही. पाकीबद्दल बारीक मसला असेल तर आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारावा.

नंतर चार ढीग करा

१. पांढरे : कुर्ता-पायजमा, टोपी, शाळेचा पांढरा शर्ट.
२. फिके रंग.
३. गडद व काळे : बुरखा, अबाया, जीन्स. बुरखा उलटा करून धुवावा.
४. टॉवेल, चादरी. यांचा कापूस सुटतो, म्हणून काळ्या कपड्यांपासून लांब.

नवीन कपड्याचा रंग जातो का, हे आधी तपासावं. पांढरं फडकं ओलं करून आतल्या शिवणीवर घासा. फडक्याला रंग लागला तर तो कपडा एकटाच धुवा. जरीचा, मोतीकामाचा दुपट्टा मशीनपासून दूरच बरा. कपड्याच्या आतल्या पट्टीवर पाण्याच्या टबवर फुली असेल, तर तो घरी पाण्यात धुवायचा नाही, असा अर्थ होतो.

खिसे, पिना, डाग

हिजाबच्या पिना मोजून काढा. ड्रमच्या भोकातून पिन खाली गेली तर पंप अडकतो आणि दुरुस्तीचा खर्च बसतो. नाणी, तसबीह, टिश्यू पेपर काढा. चेन लावा, नाड्या बांधा. हे काम एकट्या अम्मीवर टाकू नका. ज्याचा खिसा त्याने रिकामा करावा.

रक्ताचा डाग थंड पाण्यातच धुवा, गरम पाण्याने तो पक्का बसतो. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, पण घाबरू नका. धुऊन उन्हात वाळवला की फिका पडतो. अत्तराच्या किंवा बिर्याणीच्या तेलकट डागावर भांडी घासायचं लिक्विड लावून थोडा वेळ ठेवा. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र कधीच करू नका, विषारी वायू तयार होतो.

शेवटी

ड्रम ठासून भरू नका, वर हात फिरेल एवढी जागा ठेवा. पावसाळ्यात ओले कपडे टोपलीत साठवू नका, त्यांवर बुरशीचे काळे ठिपके पडतात. नवी मुंबई महापालिकेचं पाणी मुख्यतः मोरबे धरणातून येतं. चुकलेली एक फेरी पुन्हा लावायची म्हणजे तेच पाणी दुसऱ्यांदा सांडायचं. दहा मिनिटं आधी दिली तर कपडा वाचतो आणि पाणीही.