कीटकांच्या ऊतींतील शर्करा-खुणा : एका शोधाचा इतिहास

बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी हे गाव मँगनीजच्या खाणीमुळे परिचित आहे. याच जिल्ह्याच्या जंगलात ऐन व अर्जुनाच्या झाडांवर टसरचा किडा वाढतो. त्याच्या कोशाला येथील लोक कोसा म्हणतात. अंडे, अळी, कोश व पतंग या अवस्था विद्यार्थी पाठ करतात. परंतु एकाच अंड्यातून चेता, स्नायू, रेशीमग्रंथी अशा भिन्न ऊती कशा घडतात, हा प्रश्न मागे राहतो. त्याच्या उत्तराचा एक भाग प्रथिनांना जोडलेल्या शर्करेत आहे. तो प्रामुख्याने फळमाशीच्या अभ्यासातून उलगडला.

भारतात या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत अलीगढचे विद्यार्थी ओबैद सिद्दीकी हे अग्रणी होत. १९६२ मध्ये त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढे अमेरिकेत सीमोर बेंझर यांच्यासमवेत त्यांनी फळमाशीच्या चेतासंस्थेवर संशोधन केले.

बेंझर यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या लिली जान व यू नुंग जान या दाम्पत्याने १९८२ मध्ये एक विलक्षण निरीक्षण नोंदविले. हॉर्सरॅडिश या वनस्पतीच्या मुळातील पेरॉक्सिडेज विकराविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड फळमाशी व नाकतोडा यांच्या भ्रूणांतील चेतापेशींना नेमके ओळखत होते. वनस्पती आणि कीटक यांच्यात साम्य कसले? १९८७ मध्ये असे दिसून आले की, ही खूण एका प्रथिनाची नसून चेतापेशींच्या पृष्ठभागावरील अनेक प्रथिनांना जोडलेल्या समान शर्करेची आहे. पुढे तिच्यातील निर्णायक घटक फ्युकोज ही शर्करा असल्याचे सिद्ध झाले.

१९८८ मध्ये ही खूण नसलेली उत्परिवर्तित माशी सापडली. तिचे कारण मात्र २०१२ मध्ये कळले : फ्युकोजचा कच्चा माल गॉल्जी पिंडात पोचविणारे वाहक प्रथिनच सदोष होते. दरम्यान २००० मध्ये फ्रिंज हे प्रथिन नॉच या ग्राहीवरील फ्युकोजला आणखी एक शर्करा जोडते, असे आढळले. पंखाची कड कोठे घडेल, हे ठरण्यात या जोडणीचा वाटा असतो. २००७ मध्ये फळमाशीच्या भ्रूणात वाढीच्या टप्प्यांनुसार शर्करा-साखळ्या बदलत असल्याचे दाखविण्यात आले.

जनुकात प्रथिनाचा क्रम लिहिलेला असतो. शर्करेचा क्रम तसा लिहिलेला नसतो. तो त्या ऊतीतील विकरे व उपलब्ध कच्चा माल यांवर अवलंबून असतो. म्हणून ‘जनुकापासून प्रथिन’ येथेच धडा संपविणे अपुरे ठरते. कोसा हाताळलेल्या विद्यार्थ्याला पुढचा टप्पा समजावणे अध्यापकाला अवघड जाऊ नये.