पायली, शीग आणि वाटा : जव्हार-मोखाड्याच्या आठवडे बाजाराचा इतिहास

१/
जव्हारच्या आठवडे बाजारात रानभाजी घेऊन बसलेल्या बाईपुढे बहुधा तराजू नसतो. पानांवर शेवळांच्या जुड्या आणि करटोलीचे वाटे मांडलेले असतात. शहरातून आलेला ग्राहक ‘किलोला काय भाव?’ असे विचारतो. उत्तर मिळते ते वाट्याच्या किमतीचे. हे अडाणीपण नव्हे. माप कोणाच्या हाती असावे, हा या डोंगराळ मुलखातील सातशे वर्षांचा जुना वाद आहे. #थ्रेड

२/
वादाची सुरुवात जव्हार संस्थानाच्या स्थापनाकथेतच सापडते. गॅझेटियरमध्ये नोंदलेल्या परंपरेनुसार १२९४ च्या सुमारापर्यंत जव्हारवर वारली प्रमुखाची सत्ता होती. पौपेरा ऊर्फ जयबा मुकणे या महादेव कोळी पुरुषाने त्याच्याकडे ‘बैलाच्या कातड्यात मावेल एवढी’ जमीन मागितली. प्रमुखाने होकार दिला. मग कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या गेल्या आणि त्यांनी मोठा प्रदेश वेढला गेला.

३/
भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज नगरीच्या स्थापनेविषयी, राणी डायडोच्या नावाने, हीच कथा सांगितली जाते. तेव्हा ही घटना शब्दशः घडली असे मानण्याचे कारण नाही. परंतु लोककथा काय लक्षात ठेवते, ते महत्त्वाचे. येथे राज्य लढाईत गेलेले नाही. एकाने माप सांगितले, दुसऱ्याने ते मान्य केले, आणि मापाचा अर्थ मात्र पहिल्यानेच ठरवला.

४/
१३४३ मध्ये जयबांच्या वारसाला दिल्लीच्या सुलतानाकडून ‘निमशाह’ हा किताब मिळाल्याचे सांगितले जाते. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज आणि जव्हारचे विक्रमशाह यांची भेट शिरपामाळ येथे झाली, अशीही परंपरा आहे. या दोन्ही गोष्टींवरून या प्रदेशाचे स्थान ध्यानात येते : एका बाजूस किनारा, दुसऱ्या बाजूस त्र्यंबक-नाशिकचे पठार, आणि मधल्या घाटवाटांवर जव्हार-मोखाडा.

५/
वंजाऱ्यांचे बैलतांडे किनाऱ्यावरचे मीठ घेऊन घाट चढत आणि धान्य घेऊन उतरत. डोंगरातील पाड्यांना बाहेरून हव्या असणाऱ्या वस्तू मोजक्याच होत्या : मीठ, सुकी मासळी, लोखंडी विळे-कोयते, कापड, तेल. बदल्यात देण्याजोगे होते नागली, वरई, उडीद, खुरासणी, हिरडा, मध, डिंक, मोहफुले. पाडे विरळ, प्रत्येकाची गरज थोडी. रोजचे दुकान चालणार कसे? म्हणून आठवड्यातून एक दिवस.

६/
आठवडे बाजाराचे गणित सोपे आहे. एका गावी एक वार, पुढच्या गावी दुसरा. व्यापारी फिरतो, पाडे मात्र आपापल्या बाजाराशी बांधलेले राहतात. म्हणजे व्यापाऱ्याला आठवड्यात अनेक बाजार मिळतात. डोक्यावर पाटी घेऊन चालत आलेल्या बाईला एकच. आणलेला माल संध्याकाळी परत नेणे तिला परवडत नाही. मापाच्या वादातील पहिली असमानता ही.

७/
दुसरी असमानता प्रत्यक्ष मापात होती. धान्य तोलले जात नसे, मापले जात असे. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली, बारा पायलींचा मण, वीस मणांची खंडी. कोष्टक पक्के वाटते. पण पायली हे भांडे आहे आणि भांड्याचा आकार गावोगाव बदलतो. त्यातून ते भरणारा हातही बदलतो.

८/
भांडे काठोकाठ भरल्यावर वर जो धान्याचा शंकू उभा राहतो, त्याला ‘शीग’ म्हणतात. ‘शिगेला पोहोचणे’ हा वाक्प्रचार त्याच मापातून आला. देताना काठावरून हात फिरवून सपाट माप द्यायचे आणि घेताना शीग लावून घ्यायचे : सावकारीविरुद्धच्या तक्रारींत ही युक्ती वारंवार आढळते. नागली-वरईसारख्या बारीक दाण्याची शीग किती उंच चढवायची, हे ज्याच्या हाती पायली, तोच ठरवी.

९/
तिसरी असमानता काळाची. पावसाळ्याच्या मध्यावर घरातली कणगी रिकामी होते. नवे पीक दिवाळीच्या आगेमागे येते. या उपाशी महिन्यांत घेतलेल्या उधार धान्याला ‘खावटी’ म्हणतात. ते दिढीने, म्हणजे एका मणाला दीड मण असे, फेडावे लागे. चार-पाच महिन्यांत पन्नास टक्के! शिवाय उचल घेताना धान्य महाग, फेड करताना स्वस्त. पीक बाजारात येण्यापूर्वीच ते विकले गेलेले असे.

१०/
ब्रिटिश काळात या एकसंध डोंगराळ मुलखात दोन राजवटी होत्या. जव्हार हे संस्थान राहिले. १९०१ मध्ये त्याचे क्षेत्रफळ ३१० चौरस मैल आणि लोकसंख्या ४७,५३८ होती. शेजारचा मोखाडा मात्र ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेठा, म्हणजे थेट ब्रिटिश अंमलाखाली. शहापूरचे जुने नाव ‘कोळवण’. पाडे सारखे, पीक सारखे. कायदा मात्र दोन प्रकारचा.

११/
१८६० च्या दशकात लोहमार्ग आले. एक किनाऱ्याने पालघर-डहाणूवरून सुरतेकडे गेला, दुसरा कसाऱ्याचा थळघाट चढून इगतपुरीकडे. जव्हार-मोखाडा या दोन्हींच्या मधोमध, दोन्हींपासून दूर राहिले. इतरत्र रेल्वेने जुन्या पेठा मोडल्या आणि स्थानकाजवळ नव्या वसवल्या. येथे आठवडे बाजार टिकला, पण बाहेरचा भाव सांगणारा माणूस व्यापारी एवढाच उरला.

१२/
मग आला मोहाचा प्रश्न. फाल्गुन-चैत्रात पडणारी मोहफुले आदिवासी घरात वाळवून ठेवली जात. त्यांची दारू होई हे खरे. परंतु टंचाईत ती शिजवून खाल्ली जात, गुरांना घातली जात आणि बाजारात देवघेवीला चालत. झाडाखाली पहाटे वेचलेले फूल म्हणजे ज्याला शेत नाही अशा घराचेही चलन होते.

१३/
ब्रिटिश सरकारला यात बुडणारा अबकारी महसूल दिसला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे नियंत्रणाखाली आणले होतेच. १८९२ च्या ‘म्हौरा कायद्या’ने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत खुद्द फुलांवर निर्बंध आले. आपल्याच रानातले फूल परवान्याशिवाय साठवणे वा विकणे हा गुन्हा ठरू लागला. बाजारातील ज्या मालाचे माप बाईच्या हाती होते, त्यातील मोठा वाटा असा निघून गेला.

१४/
१९३५ च्या कायद्यानुसार ‘अंशतः वगळलेले प्रदेश’ ठरवण्यात आले. त्यांत ठाणे जिल्ह्यातील डहाणू व शहापूर तालुके आणि मोखाडा व उंबरगाव पेठे होते. या प्रदेशांची पाहणी करून डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारला अहवाल दिला. कर्ज, जमिनीचे हस्तांतर आणि कर्जापोटी करावी लागणारी चाकरी एकमेकांत कशी गुंतली आहे, हे त्यात सरकारी भाषेत नोंदले गेले.

१५/
कागदावरच्या नोंदीने परिस्थिती हलली नाही. ती हलवली संघटनेने. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठबिगार नाकारली. श्यामराव व गोदावरी परुळेकर या लढ्याचे नेते होते. मागण्यांमध्ये ठरावीक वजनाच्या गवतामागे ठरावीक रोख मजुरी ही एक होती. म्हणजे येथेही माप आणि मोबदला दोन्ही आधी ठरावेत, एवढेच मागणे होते.

१६/
१९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि जव्हार-मोखाडा पुन्हा एका कायद्याखाली आले. मुंबई प्रांताने वजनमापांचा कायदा १९३२ मध्येच केला होता; पण तो संस्थानाला आपोआप लागू होत नसे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि लिटर. शिक्का मारलेले वजन आले म्हणजे शीग संपायला हवी होती.

१७/
ती पूर्ण संपली नाही. कारण प्रश्न केवळ वजनाचा नव्हता, उधारीचा होता. म्हणून १९७६ मध्ये राज्याने आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा केला आणि एकाधिकार खरेदी योजना आणली. ठरावीक शेतमाल व वनोपज व्यापाऱ्याने नव्हे, तर १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाने सहकारी संस्थांमार्फत विकत घ्यायचा. खावटी कर्जही महामंडळच देऊ लागले. मापही सरकारचे, उधारीही सरकारची!

१८/
विचार मूलगामी होता. पण खरेदी केंद्राला पोत्यांचा हिशेब कळतो. दोन पायली उडीद घेऊन आलेल्या आणि त्याच संध्याकाळी तेल-मीठ घेऊन परतणाऱ्या बाईचा कळत नाही. आठवडे बाजार तिला त्याच तासाला रोख पैसे देतो. भाव कमी असला तरी. कायद्याने व्यापाऱ्याला बाजूला सारले, परंतु ‘आत्ता, थोडे, रोख’ ही गरज तशीच राहिली. याच दोन तालुक्यांचे नाव पुढे, १९९२ मधील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनंतर, कुपोषणाशी जोडले गेले.

१९/
उचल या शब्दाचे रूपही बदलले. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर स्थलांतर करतात. आता पिकाऐवजी हंगामाची मजुरी आधी उचलली जाते. ही माणसे होळीला परततात, म्हणून होळीपूर्वीचा बाजार वर्षातला सर्वांत मोठा. नवे कपडे, साखरेच्या गाठी, बांगड्या, सुकी मासळी यांची रेलचेल असते. वर्षाचा हिशेब जिथे संपतो, तिथेच उत्सव सुरू होतो.

२०/
२०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची योजना सुरू केली. मुंबईत विधानभवनाच्या आवारातही रविवारी असा बाजार भरला. शहरी ग्राहकाला शेतकऱ्याकडून थेट खरेदी ही नवी कल्पना वाटली. जव्हार-मोखाड्यात ती जुनीच होती. तिथे उत्पादक पूर्वीपासूनच समोर बसलेला होता. उणीव होती ती त्याच्या शब्दाला वजन असण्याची.

२१/
हे वजन देण्याचा प्रयत्न १९९६ च्या पेसा कायद्यात दिसतो. मादक पदार्थांचे नियमन, गौण वनोपजाची मालकी, गावबाजाराचे व्यवस्थापन आणि सावकारीवर नियंत्रण : अनुसूचित क्षेत्रात हे अधिकार पंचायत आणि ग्रामसभा यांच्याकडे असावेत, असे तो सांगतो. ही यादी जणू याच मुलखाचा इतिहास समोर ठेवून लिहिली आहे. मात्र पेसा केवळ पंचायत क्षेत्राला लागू आहे. जव्हारला १९१८ पासून नगरपालिका आहे आणि मोखाडाही आता नगरपंचायत आहे. म्हणजे ज्या दोन गावांत मोठे बाजार भरतात, तीच या तरतुदीबाहेर!

२२/
मोहफुलावरील निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवले. १८९२ पासून मोजले तर १२९ वर्षे झाली. पहाटे झाडाखाली वेचलेले फूल उघडपणे बाजारात आणण्यासाठी एवढा काळ जावा लागला.

२३/
आता पुन्हा त्या वाट्याकडे पाहू. वाटा म्हणजे सर्वांसमोर मांडलेले माप. त्यात शीग नाही, दांडी मारणे नाही, वजनाचा खोटा शिक्का नाही. घेणारा पाहून घेतो, देणारी ठरवून देते. तो मुक्तीचा मार्ग नव्हे. शेवटची एसटी सुटायची वेळ झाली की वाट्याचा भावही कोसळतो. तरीही पायली, तराजू आणि कायदा ही सारी मापे बाहेरून आली. वाटा मात्र तिने स्वतःच्या हाताने मांडला आहे.

२४/
म्हणून पहिल्या पावसाआधी या बाजारात शेवळांची जुडी घेताना सोबत काकडाची फळे मागावीत, कारण त्यांच्यावाचून भाजी घशाला खाजते. ‘किलोला काय भाव’ हे मात्र विचारू नये. सांगितलेली किंमत द्यावी. माप तिचे आहे.
(समाप्त)