मधला मार्ग आणि बेडी

भाऊबंदकीचा तंटा असो की जमातीची बैठक, दोन्ही बाजूंना थोडे थोडे मागे सारून मधला मार्ग काढणारा माणूस आम्हाला शहाणा वाटतो. बांधाच्या भांडणात हे शहाणपण कामी येतेही. पण एखादा तोडगा केवळ मधला आहे म्हणून न्याय्य ठरतो काय? अमेरिकेच्या इतिहासाने या प्रश्नाची जबर किंमत मोजली आहे.

१७८७ साली फिलाडेल्फियात त्या देशाची राज्यघटना लिहिली जात होती. दक्षिणेतले गुलामांचे मालक म्हणाले, प्रतिनिधींची संख्या ठरवताना आमचे गुलामही मोजा. उत्तरेकडचे म्हणाले, ज्यांना तुम्ही मालमत्ता समजता त्यांना मोजायचे कशाला? अखेर तोडगा निघाला : पाच गुलामांमागे तीन माणसे धरावीत. गुलामाला मत नव्हतेच. त्याच्या नावाने वाढलेल्या जागा मात्र मालकांच्या पदरात पडल्या.

१८२० साली मिसूरीला गुलामगिरीसह संघराज्यात घ्यायचे ठरले, तोल राखायला मेन मुक्त राज्य झाले. १८५० साली कॅलिफोर्निया मुक्त राहिले, बदल्यात पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा कडक कायदा आला. पकडलेल्याची साक्ष ग्राह्य नव्हती. आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केले तर मेहनताना दहा डॉलर, सोडून दिले तर पाच!

प्रत्येक वेळी देश वाचला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला गेला. पण १७९० च्या शिरगणतीत सुमारे सात लाख असलेले गुलाम १८६० पर्यंत चाळीस लाखांच्या घरात गेले. स्वातंत्र्य आणि गुलामी यांच्या मधोमध उभे राहिले तरी पायातली बेडी तशीच राहते.

या तडजोडींवाचून ते राष्ट्रच उभे राहिले नसते, असे म्हणणारे आहेत. असेलही. पण टाळलेला प्रश्न सुटत नाही. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले, आणि मगच तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली.

त्यानंतर आठच वर्षांनी, १८७३ साली, महात्मा जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. इथल्या शूद्रातिशूद्रांच्या दास्याचे नाते त्यांनी तिथल्या बेडीशी ओळखले होते. अर्ध्या मुक्तीचे कौतुक त्यांनी केले नाही.

आम्ही तडजोडीच्या विरोधात नाही. तिच्यावाचून घर चालत नाही, गाव चालत नाही. मात्र यापुढे कुणी आम्हाला दोन्ही बाजूंचे ऐकून मध्ये बसायला बोलावले, तर आम्ही आधी एवढेच विचारू : ज्याच्या आयुष्याचा हा सौदा आहे, त्याला या बैठकीचे आवतण गेले आहे काय?