गोळी, मीठ आणि पहिले बारा आठवडे



गेल्या काही महिन्यांत ग्रामसंघाच्या बैठकांमधून एकच प्रश्न तीन वेळा माझ्यापर्यंत आला. थायरॉईडची गोळी चालू आहे आणि ध्यानीमनी नसताना दिवस गेले, तर गोळी बंद करायची का? विचारणाऱ्या तिघींनाही घरातून एकच सल्ला मिळाला होता : पोटुशी बाईने कसल्या गोळ्या खायच्या नसतात. सल्ला मायेने दिलेला, पण या गोळीच्या बाबतीत तो उलटा आहे. ही गोळी बंद करायची नाही. उलट, बहुतेक बायकांना ती वाढवावी लागते, आणि तीही लवकर.

हे समजायला जगाला शंभरावर वर्षं लागली. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. राजे, तह, लढाया सगळं पाठ केलं, पण आपल्या अंगात काय चालतं ते माणसाला कसं कळत गेलं, हा इतिहास पुस्तकात नव्हता. आज तोच सांगते.

गळ्याशी, घाटीच्या खाली, फुलपाखरासारखी एक लहान ग्रंथी असते. तिच्यातून झिरपणाऱ्या रसावर आपल्या अंगाची ऊब, मनाची चपळाई, पाळी, पोट साफ होणं हे सगळं चालतं. १८७३ साली लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी काही बायकांबद्दल लिहिलं. चांगल्या चालत्याबोलत्या बायका हळूहळू मंद होत जात होत्या. चेहरा सुजट, जीभ जड, आवाज घोगरा, सारखी थंडी. नेमकं कारण तेव्हा माहीत नव्हतं. दहा वर्षांनी, १८८३ साली, स्वित्झर्लंडमधले शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी जाहीर केलं की गलगंडासाठी ज्यांची ग्रंथी त्यांनी पूर्ण काढून टाकली होती, ती माणसंही अशीच मंद झाली. म्हणजे ही ग्रंथी बिनकामाची नव्हती. कोखर यांना पुढे १९०९ साली नोबेल मिळालं, पण मला त्यांचं मोठेपण वेगळ्या गोष्टीत वाटतं. आपल्याच शस्त्रक्रियेने बिघडलेलं त्यांनी लपवलं नाही.

उपाय सापडला १८९१ साली, इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावात. जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांकडे शेहेचाळीस वर्षांची एक बाई आली, याच आजाराने पार थकलेली. मरे यांनी मेंढीच्या गळ्यातली ग्रंथी घेतली, तिचा अर्क काढला आणि सुईने तिला टोचला. काही महिन्यांत बाई बोलायला-चालायला लागली. नंतर कळलं की सुईची गरज नाही, पोटातून घेतलं तरी चालतं. एका डॉक्टरांनी तर मेंढीची ग्रंथी हलकी परतून, बारीक करून, फळांच्या मुरंब्यासोबत खायला दिली होती! ती न्यूकॅसलची बाई पुढे अठ्ठावीस वर्षं जगली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेली. तिच्या औषधासाठी तेवढ्या वर्षांत ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असं मरे यांनी लिहून ठेवलं. शेळी-मेंढी पालन करणाऱ्या आपल्या गटांनी हिशेब करावा, म्हणजे आज काही रुपयांत मिळणाऱ्या गोळीची किंमत कळेल.

त्या रसातलं मूळ द्रव्य, थायरॉक्सिन, अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी वेगळं काढलं. १९२७ साली ते प्रयोगशाळेत बनवता आलं. आपली गोळी त्याचीच. तिच्यावर २५, ५०, १०० असे आकडे असतात ते मायक्रोग्रॅमचे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्या चिमूटभराहूनही कमी वस्तूवर बाईचा दिवस चालतो.

आता मिठाकडे येते, कारण पोटातल्या बाळाचा धागा तिथून सापडला. थायरॉईडचा रस तयार व्हायला आयोडीन लागतं. डोंगराळ भागात पावसाने आणि पुराने जमिनीतलं आयोडीन वाहून जातं. तिथे घरोघरी गलगंड दिसायचा, आणि त्याच गावांमध्ये मुकी-बहिरी, वाढ खुंटलेली मुलं जास्त जन्माला यायची. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात एक मोठं काम केलं. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन घातलेलं मीठ, एकाला साधं. पाच-सहा वर्षांत आयोडीनवाल्या दोन्ही भागांतला गलगंड जवळजवळ निम्म्यावर आला, साध्या मिठाच्या भागात तसाच राहिला. त्यातून १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मिठाच्या पुडीवर जो हसऱ्या सूर्याचा छाप असतो, त्याच्यामागे हे खोरं आहे. (आयोडीनचं मीठ खाऊनही थायरॉईड कमी होऊ शकतो. आज पुष्कळ बायकांमध्ये शरीर स्वतःच त्या ग्रंथीवर उलटतं म्हणून तसं होतं. त्यात कुणाच्या स्वयंपाकाची चूक नाही.)

पण मला सगळ्यात जास्त थांबवलं ते दूरच्या पापुआ न्यू गिनी या बेटावरच्या कामाने. १९६६ साली तिथल्या डोंगराळ गावांत काही कुटुंबांना आयोडीनयुक्त तेलाचं इंजेक्शन दिलं, काहींना नुसत्या मिठाच्या पाण्याचं. पुढची काही वर्षं जन्मलेली मुलं पाहिली. आयोडीन मिळालेल्या बायकांची मुलं जवळजवळ सगळी धडधाकट. जी थोडी मुलं तरीही मुकी-बहिरी, अपंग जन्मली, त्यांतल्या बहुतेकांच्या आया इंजेक्शन घेतलं तेव्हा आधीच गरोदर होत्या. म्हणजे औषध पोचलं, पण उशिरा पोचलं. बाळाच्या मेंदूची पायाभरणी अगदी सुरुवातीला होते, आई बाहेरून गरोदर दिसायच्याही आधी, हे तिथे स्पष्ट झालं.

का बरं सुरुवातीला? बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यानंतर काम करू लागते आणि तिला जम बसायला पाचवा महिना उजाडतो. तोवर बाळ आईच्या रसावर असतं. गंमत म्हणजे हे साधं वाटणारं सत्य डॉक्टर लोक बराच काळ मानत नव्हते. वारेतून हा रस बाळाकडे जातच नाही, असं पुस्तकात होतं. १९८९ साली ॲम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनी अशी नवजात बाळं तपासली ज्यांच्या शरीरात हा रस अजिबात तयार होऊ शकत नव्हता. तरी त्यांच्या नाळेच्या रक्तात थायरॉक्सिन सापडलं. ते कुणाचं? आईचंच. आपल्या आजीला विचारलं असतं तर तिने ‘पोर आईचं खाऊनच वाढतं’ असं सांगून टाकलं असतं, पण विज्ञानाला रक्त मोजून बघावं लागतं, आणि ते बरोबरच आहे.

१९९९ साली अमेरिकेतल्या मेन राज्यातला अभ्यास छापून आला. गरोदरपणात ज्यांचा थायरॉईड कमी होता आणि औषध मिळालं नव्हतं, अशा आयांची मुलं सात ते नऊ वर्षांची झाल्यावर तपासली. बुद्धीच्या चाचणीत ती इतर मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी मागे होती. मग २००४ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी आधीपासून गोळी घेणाऱ्या बायकांना गरोदरपणभर मोजलं. त्यांची गोळीची गरज पाचव्या आठवड्यापासूनच वाढू लागली होती आणि पहिल्या अर्ध्या काळात जवळपास दीडपट झाली. गेल्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेला पाचवा आठवडा, बरं का! म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला.

आता मूळ प्रश्नावर येऊ. ज्या बाईने ठरवून मूल होऊ दिलं, ती आधीच रक्त तपासून घेते. ध्यानीमनी नसताना ज्या बाईला दिवस जातात, तिचे नेमके हेच पहिले आठवडे हातातून निसटतात. आणि थायरॉईडवाल्या बाईचे जास्त निसटतात. कारण तिची पाळी तशीही मागेपुढे होत असते. ‘थायरॉईडमुळे चुकली असेल’ म्हणून ती दोन महिने थांबते. थकवा, अंग जड होणं, पोट साफ न होणं, झोप येणं ही लक्षणं थायरॉईडचीही आणि दिवस गेल्याचीही. दोन्ही बहिणी एकाच साडीत आल्यासारखं होतं, ओळखायचं कुणाला?

आणखी एक समज पुष्कळ जणींच्या मनात आहे : थायरॉईड असला की मूल राहत नाही, मग पाळणा लांबवायचं साधन कशाला? औषध नसताना दिवस राहायला अडचण येते हे खरं. पण गोळी लागू पडली की अंग पूर्ववत होतं आणि दिवसही राहतात. आमच्या ओळखीच्या एका ताईंचं असंच झालं. धाकटा मुलगा नववीत, आणि चाळिशीला टेकल्यावर यांना तिसरा महिना लागलेला. बाहेर कुठे तोंड दाखवू, असं झालं होतं त्यांना. महिनाभर त्यांनी घरच्यांच्या सांगण्यावरून गोळीही सोडली होती. कळलं त्या दिवशी मी आणि आशाताई त्यांना घेऊन तालुक्याला गेलो, रक्त दिलं, डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. पूर्ण नऊ महिने भरून मुलगी झाली. ती आता अंगणवाडीत जाते आणि बाईंना दम देते.

ज्यांना उशिरा कळलं त्यांनी स्वतःला खात बसू नये. मेनच्या अभ्यासातली मुलं थायरॉईड बराच कमी असूनही अजिबात औषध न मिळालेल्या आयांची होती. थोडासाच कमी असलेल्या बायकांवर २०१२ आणि २०१७ साली मोठे अभ्यास छापून आले, त्यांत तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या आयांच्या मुलांच्या बुद्धीत फरक दिसला नाही. म्हणून ‘माझ्यामुळे बाळ बिघडलं’ हा निष्कर्ष घरी बसून काढायचा नाही. कळलं त्या दिवशी दवाखाना गाठायचा, एवढंच.

आणि हे मूल ठेवायचं की नाही? थायरॉईड आहे म्हणून गर्भपात करावाच लागतो, असं नाही. गोळी नीट चालू असली तर बाळंतपण इतर बायकांसारखंच होतं. पण परिस्थितीच नसेल, तर कायदा बाईच्या बाजूला उभा आहे. त्याचाही इतिहास आहे. १९६४ साली सरकारने या विषयावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतीलाल शहा. चोरून गर्भपात करताना बायका मरत होत्या, म्हणून १९७१ साली कायदा झाला. गर्भनिरोधक साधन फसलं, हे कारण त्यात तेव्हापासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं, काही ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. अठरा वर्षांपुढच्या बाईची स्वतःची सही पुरेशी असते. नवऱ्याची किंवा सासूची सही कायदा मागत नाही. दवाखान्यात कुणी मागितली तर हे शांतपणे सांगा, आणि ठरत नसेल तर ठरेपर्यंतही थायरॉईडची गोळी चालूच ठेवा.

आता कामाच्या गोष्टी, एकीने ऐकून दहा जणींना सांगायच्या. गोळी चालू असेल आणि पाळी आठवडाभर चुकली, तर कारण शोधत बसू नका, आशाताईंकडून तपासणीचं किट घ्या. दोन रेघा आल्या तर त्याच आठवड्यात टीएसएचसाठी रक्त द्या. अमेरिकेतल्या थायरॉईड डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली सांगितलं की गोळी घेणाऱ्या बाईने दिवस गेल्याचा संशय येताच आठवड्यात दोन गोळ्या जास्त घ्याव्यात आणि लगेच डॉक्टरांना कळवावं. पण प्रत्येकीचा आकडा वेगळा असतो. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की, दिवस जायचा विचार असो वा नसो, विचारून ठेवा : ‘डॉक्टर, दिवस गेले तर मी गोळी किती करू?’ आणि उत्तर त्यांच्याच हाताने केसपेपरवर लिहून घ्या. मग साधारण पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी रक्त तपासायचं असतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी आपणहून सांगायचं की मला थायरॉईड आहे. विचारतील तेव्हा सांगू, असं करू नका. गर्दीत विचारायचं राहून जातं.

एक गोष्ट फार घरांत चुकते. उपकेंद्रातून रक्तवाढीच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियम मिळतं, आणि सगळ्या गोळ्या एकदमच पाण्यासोबत घेतल्या जातात. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला पोटात धरून ठेवतात, मग ती रक्तात पुरेशी जात नाही. चार तासांचं अंतर हवं. थायरॉईडची गोळी पहाटे उठल्यावर उपाशीपोटी साध्या पाण्याने, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत, रक्ताची गोळी रात्री. आमच्या एका गटात तिन्ही गोळ्यांचे डबे वेगळे ठेवलेत : एक देवघरात, एक चुलीपाशी, एक अंथरुणाजवळ.

बाळंतपण झाल्यावर गोळी पुन्हा दिवस जायच्या आधीच्या आकड्यावर आणतात, तेही डॉक्टरांना विचारून. अंगावर पाजताना ती घेतली तरी बाळाला अपाय नाही. आणि सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच तपासायचं असतं. बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमाराला येते, तेव्हा बाळाच्या कार्डासोबत स्वतःचा केसपेपरही पिशवीत टाका.